चाकांवर वजन

लीलाबाईला भेटायला कोणी आलं की ती आधी पाठीमागची उशी सरकवून मागायची आणि मग तेच सांगायची.

"माझ्या पोरीनं विमान असं ठेवलं खाली, जसं निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवते. मले मालूम बी नाही पडलं. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, कुसुमबाई, टाळ्या! आता पुढं चिखलच होता, त्याले ती बिचारी काय करंन?"

"सही बात आहे," शेजारची कुसुमबाई म्हणायची. "पानी के आगे किसका जोर."

एवढं झालं की अंबादास उठायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. बायको ज्या गोष्टीची तारीफ करत होती तीच चूक होती. त्या चुकीनंच तिचे पाय गेले होते. आणि ती चूक पोरीजवळ कोणी मागितली, हे त्या घरात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो स्वतः, दुसरी उत्पला.

अंबादास गजभिये जबलपूरच्या रिछाईतल्या एका कारखान्यात प्रेस चालवता चालवता म्हातारा झाला. पत्र्यावर दणका, दणक्यावर दणका. त्या दणक्यांनी त्याचा डावा कान खाल्ला. घर रांझीत. त्याचा आजा भंडाऱ्याकडून इकडं कामाला आला तेव्हापासून या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. पुढं नकाशावर राज्यं इकडची तिकडं झाली, पण यांना कोणी विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही कुठले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आणि त्यांच्या खाली आता उत्पलाचा वर्दीतला फोटो. लीलाबाई रोज तिन्ही पुसायची.

उत्पला एकुलती. लहानपणी अंबादासच्या स्कूटरवर मागं बसली की हात बाहेर काढायची, पंजा आडवा धरून. वारा पंजाला वर उचलायचा.

"हात अंदर घे, पोट्टे! ट्रकवाला तोडून घेऊन जाईन."

"बाबा, उडून राहिला माझा हात!"

हीच पोट्टी पुढं सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकली. कोट्यातली पायलट, असं तिच्या तोंडावर म्हणणारे भेटले. सुटाबुटातले, शिकलेले, देवळात जाऊन घंटा वाजवणारे. अरे नालायकांनो, कोट्यानं विमान हवेत राहत असतं तर तुमची पोरं आजवर खाली का पडली नाहीत? पण हे त्यांना विचारायला अंबादास तिथं नव्हता, आणि उत्पला असल्या गोष्टी घरी सांगत नसे. तिला एका लहान विमान कंपनीत नोकरी लागली. दोन पंख्यांचं विमान, डुमन्याच्या विमानतळावरून सकाळी दिल्लीला जायचं, दुपारी परत यायचं. ती को-पायलट. रांझीच्या गल्लीवरून विमान गेलं की पोरं ओरडायची, "उत्पला दीदी! उत्पला दीदी!" त्यात ती असो नसो.

एकदा जेवताना तिनंच समजावून सांगितलं होतं. विषय निघाला होता टाळ्यांचा. अंबादासनं विचारलं होतं, की विमान हळूच उतरलं की लोक टाळ्या वाजवतात म्हणे, तुला कधी भेटल्या का.

"मले शिव्या भेटतात," ती हसली. "आपली पट्टी लहान आहे, बाबा. लहान पट्टीवर विमान धप्प करून टेकवायचं असते."

"काहून? लोहा तोडायचा आहे का?"

तिनं ताटावरचा हात उचलला, पंजा आडवा धरला, स्कूटरवर धरायची तसा. "विमान खाली टेकलं ना, तरी पंख त्याले उचलूनच राहतात. अर्धं वजन हवेत. चाकं रस्त्यावर नुसती फिरतात. ब्रेक दाबला तं घसरतात. म्हणून पंखाच्या वर झडपा आहेत. स्पॉयलर म्हणतात. टेकलं की त्या अशा उभ्या होतात." तिनं दुसऱ्या हाताची बोटं पंजावर उभी केली. "हवा मोडली. पंखाचं काम खतम. सगळं वजन चाकांवर. मग ब्रेक पकडते."

"कोण उभ्या करते त्या?"

"आपोआप होतात. चाकांच्या पायात स्विच आहे. वजन आलं की दबते, त्या उठतात."

"आणि वजन नाही आलं तं?"

"येतेच. म्हणून तं धप्प टेकवायचं. फुलासारखं ठेवलं तं त्या स्विचले समजतच नाही की आपण जमिनीवर आलो. तेवढ्यात अर्धी पट्टी मागं गेलेली असते. तुम्ही मागच्या रांगेत बसाल कधी तं पाहा, पंखाच्या वर त्यांची कड उठलेली दिसते."

लीलाबाई पोळी टाकता टाकता म्हणाली, "म्हणजे जो चांगला उतरवते तो खराब, आणि जो आपटते तो चांगला. वा रे तुमचं शिक्षण."

तिघंही हसले होते. म्हणजे अंबादासला हे सगळं माहीत होतं. हे ध्यानात ठेवा. पुढं तो जे बोलला ते काही अडाणीपणानं नाही. त्याला माहीत होतं, आणि तरी तो बोलला.

लीलाबाईची कंबर आधी दुखायची, मग दुखणं पाठीत चढलं. जबलपूरच्या डॉक्टरांनी दिल्लीला पाठवलं. दिल्लीच्या डॉक्टरनं अंबादासला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की कॅन्सर मणक्यात उतरला आहे. आतून हाड पोकळ झालं आहे, भाजलेल्या पापडासारखं. बरं होणार नाही. पण जितके महिने आहेत तितके ती आपल्या पायावर चालेल, फक्त पाठीला झटका बसू देऊ नका. झटका बसला तर पाय जातील.

गाडीनं आणायची म्हणजे रात्रभर हिसके. उत्पला म्हणाली, "माझ्या विमानातून चला. दीड तासात घरी."

जानेवारीचे दिवस होते. दिल्लीच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून लीलाबाईला चढवलं. दार मागच्या बाजूला, म्हणून जागाही मागचीच, खिडकीशी अंबादास, कडेला ती. ती पहिल्यांदाच विमानात बसत होती. नवी सुती साडी, केसांना तेल. विमान सुटायच्या आधी उत्पला पुढून चालत आली. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. सगळी माणसं मान वर करून पाहत होती. ती आईच्या पायाशी खाली बसली आणि तिनं पट्टा आवळून दिला.

"भेव वाटते का, आई?"

"तू आहेस नं समोर. मंग कायचं भेव."

तिच्या मागं कॅप्टन शैलेंद्र उभा होता. उंच, गोरा, हसरा माणूस. "अम्मा जी, आज आपकी बिटिया ही उतारेगी जहाज़. हम बस बैठे रहेंगे."

तो पुढं गेला. उत्पला उठली तेव्हा अंबादासनं तिची बाही धरली. डॉक्टरचं पापडासारखं हाड त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"पोरी, आज जरा हळू उतरवजो. आईच्या पाठीले धक्का नको."

उत्पलानं त्याच्याकडे पाहिलं. जेवणाच्या वेळचं तिला आठवलं असणार, त्यालाही आठवत होतं. तिनं तोंड उघडलं, मग आईकडं पाहिलं. आई खिडकीतून पंख्याकडं पाहत हसत होती.

"पाहते मी," ती म्हणाली.

जबलपूरला मावठ्याचा पाऊस लागला होता. विमान ढगातून खाली आलं तेव्हा खिडकीच्या काचेवर पाणी तिरपं धावत होतं. खरं तर ओल्या पट्टीवर कॅप्टननं विमान आपल्या हातात घ्यायला हवं होतं. त्यानं घेतलं नाही. तो शब्द देऊन बसला होता, आणि चांगुलपणा करायची त्याला हौस होती. दुसऱ्याच्या आईवर चांगुलपणा करायला काही लागत नाही.

पट्टीवरचे पांढरे पट्टे खालून सरकायला लागले. एक गेला, दुसरा गेला. विमान टेकत नव्हतं. जमीन हाताला लागेल इतकी जवळ आली होती आणि विमान तिच्यावरून तरंगत चाललं होतं, जसं कोणी पाऊल उचलून धरावं आणि ठेवावं की नाही या विचारात पडावं. मग चाकं लागली. लागली की नाही हे कळलंसुद्धा नाही. नुसती सळसळ ऐकू आली.

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. लीलाबाईनं बाजूच्या बाईला सांगितलं, "मेरी बेटी है."

अंबादास खिडकीतून वर पंखाकडं पाहत होता. पंखाच्या वर काहीच उठलं नव्हतं. सपाट. सपाट. अजून सपाट. टाळ्या चालूच. मग एकदम त्या झडपांची कड वर आली, विमान खाली बसलं, पंख्यांनी गर्जना केली, ब्रेक लागले, सगळे पुढं झुकले. पण पट्टी संपली होती. लाल दिवे खिडकीखालून गेले, मग गवत, मग चिखल. पुढचं चाक मोडलं आणि विमानानं नाक जमिनीत खुपसलं.

लीलाबाई ओरडली नाही. तिच्या तोंडातून नुसती हवा निघाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अजी, माझी चप्पल गेली का? पाय लागून नाही राहिले खाली."

चपला पायातच होत्या.

बाकी कोणाला मोठं लागलं नाही. कोणाचं कपाळ फुटलं, कोणाचा दात गेला. वर्तमानपत्रात आलं, बडा हादसा टला. ज्याचा टळतो त्याच्यासाठी तो बडा असतो. ज्यांच्यावर येऊन पडतो त्यांची बातमी होत नाही.

उत्पलाला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत उडायचं नाही. ती आईचं सगळं करायची. कुशीवर वळवायची, अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची. लीलाबाई म्हणायची, "एवढी शिकलेली पोरगी, अन् माझी घाण काढून राहिली." दुपारी दिल्लीचं विमान वरून जायचं, कंपनीनं दुसरं आणलं होतं. त्या वेळी उत्पला मुद्दाम नळ सोडून भांडी घासायला बसायची.

एका दुपारी कॅप्टन शैलेंद्र घरी आला. सफरचंदं आणली. लीलाबाईच्या पाया पडला, डोळ्यांत पाणी आणलं. ते खोटं होतं असं म्हणवत नाही. मग बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून बसला.

"देखो उत्पला, जहाज़ की रिकॉर्डिंग मशीन में इतना ही आया है कि वज़न की खबर देर से आई. क्यों देर से आई, यह मशीन नहीं बताती. स्विच में कीचड़ हो सकता है, पानी हो सकता है. बस. स्विच चिपक गया. न तुम्हारी गलती, न मेरी."

"स्विच चिपका नहीं था, सर. मैंने वज़न आने ही नहीं दिया."

"यह तुम्हारा अंदाज़ा है."

"स्विच सकाळी कोणी तपासलं होतं?" उत्पलानं विचारलं. ती चिडली की मराठीत यायची. शैलेंद्रला कळलं तरी.

"नीलकंठ ने. कुछ नहीं होगा उसे. ज़्यादा से ज़्यादा निकाल देंगे. मैकेनिक लड़का है, कहीं भी लग जाएगा." मग तो अंबादासकडं वळला. "बाबूजी, आप पंख के पीछे थे. कमेटी आपको भी बुलाएगी. आपने देखा था न, स्पॉयलर नहीं उठे?"

"देखा," अंबादास म्हणाला.

"बस, जो देखा वही कहना है. झूठ तो कुछ बोलना ही नहीं है."

टेकल्यावर 'स्पॉयलर' असं मोठ्यानं म्हणायचं काम शेजारी बसलेल्या पायलटचं असतं. उठले तर उठले म्हणायचं, नाही तर नाही म्हणायचं. शैलेंद्र त्या वेळी 'वाह, मक्खन!' असं म्हणाला होता. चूक मऊ उतरवण्याची ठरली तर ती त्याचीही ठरणार होती. तो सफरचंदं घेऊन का आला होता, हे आता समजून घ्या.

तो गेल्यावर बापलेकीचं भांडण झालं, हळू आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

"तो बरोबर बोलून राहिला," अंबादास म्हणाला.

"काय बरोबर, बाबा?"

"तुले दुसरा चान्स भेटणार आहे का? त्याले भेटन. त्याचा बाप मोठा, काका मोठा. तू एकदा खाली आली की झालं. सारे म्हणतीन, पाहा, कोट्यातली होती. तुझ्यामागून येणाऱ्या पोरींचं बी नाव खराब."

"आणि नीलकंठ?"

"पोट्टा जवान आहे. भेटन त्याले काही."

उत्पला त्याच्याकडं पाहत राहिली. "डोमाजीकाकाच्या वक्ती तुम्ही काय बोलले होते?"

डोमाजी अंबादासच्या बाजूच्या प्रेसवर होता. प्रेसचा क्लच घसरला आणि त्याचा पंजा गेला. मालक म्हणाला, यानंच बचावाची जाळी काढून ठेवली होती. तेव्हा अंबादास मालकाच्या केबिनमध्ये घुसून ओरडला होता, की मशीन तुमचं आणि चूक मजुराची काय रे भोसडीच्या. पुष्कळ दिवस रिछाईत त्या शिवीचं नाव निघायचं. उत्पला ही गोष्ट ऐकतच मोठी झाली होती. आणि आज तोच माणूस मालकाच्या तोंडानं बोलत होता. माणूस बदलायला पैसा लागतो असं नाही. एक मुलगी पुरते.

नंतर नीलकंठ आला. जबलपूरजवळच्या पाटणचा, कुणब्याचा मुलगा, हातात नारळपाणी. लीलाबाईला 'काकू' म्हणून तिच्याशी बोलला. तिनं त्यालाही पाळणा आणि लेकरू ऐकवलं. बाहेर निघताना तो ओट्यावर अंबादासजवळ थांबला.

"काकाजी, मी ते स्विच सकाळी कपड्यानं पुसलं होतं. दोन्ही पायाचं."

"हो."

"रोजच पुसतो. पण रोज पुसतो ना, त्याच्यानं आता असं झालं, की त्या दिवशी पुसलं का आदल्या दिवशी, हे मलेच समजून नाही राहिलं. सारे विचारून राहिले. मी म्हणतो पुसलं, अन् रातच्याले वाटते, नाही पुसलं असंन." तो हसायचा प्रयत्न करत होता. "काकूचे पाय माझ्याच्यानं गेले असतीन का, काकाजी?"

अंबादासच्या जिभेवर आलं होतं. आलं आणि परत गेलं.

"जा, बाबू. पाणी येईन," एवढंच तो म्हणाला. आभाळ स्वच्छ होतं.

चौकशी विमानतळावरच्याच एका खोलीत होती. टेबलामागं तीन माणसं, पुढं बिस्किटं. बाहेर बाकावर शैलेंद्र, नीलकंठ, उत्पला. अंबादासला आधी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, बाबूजी म्हटलं.

"आप पंख के पीछे बैठे थे?"

"हाँ."

"स्पॉयलर उठते देखे?"

"नहीं उठे. फिर उठे. बहुत देर से उठे."

"आपको कैसे पता कि वह स्पॉयलर हैं?"

"लड़की ने बताया था."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. खरं बोलणारा माणूस होता, त्यांना पटलं. आणि अंबादास खरंच बोलत होता, एकेक शब्द खरा. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं, जो आतापर्यंत बिस्किट खात होता, सहज विचारलं, "उतरते समय झटका लगा था? पहिए लगे तब?"

एवढाच प्रश्न होता. लागला म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर सगळं बाहेर. अंबादासनं पाण्याचा पेला उचलला.

"याद नहीं," तो म्हणाला. "कान से कम सुनाई देता है."

झटक्याचा आणि कानाचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. त्याला जायला सांगितलं. दारात उत्पला उभी होती, आत जायची तिची पाळी होती. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला समजलं. तिनं त्याच्या सदऱ्याची वर गेलेली कॉलर खाली केली आणि आत गेली.

ती बराच वेळ आत होती. बाहेर नीलकंठ हाताचे तळवे पॅंटला पुसत होता, पुन्हा पुन्हा.

परत येताना ऑटोत दोघं. डुमन्याच्या रस्त्यावर झाडी, माकडं. अंबादासच्या चांगल्या कानाच्या बाजूला ती बसली होती.

"सांगितलं मी," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. आई मागं बसली होती, तिच्यासाठी मऊ उतरवलं. पट्टीवर तरंगत ठेवलं. स्विच बरोबर होतं."

अंबादासचे हात मांडीवर पडून राहिले.

"माझं नाव घेतलं?"

"नाही."

"काहून?"

"तुम्ही म्हणाले म्हणून नाही केलं, बाबा. मले बी तसंच वाटत होतं. तुम्ही नसते बोलले तरी केलं असतं." तिनं तोंड रस्त्याकडं वळवलं. "असं समजा."

ते शेवटचे दोन शब्द तिनं बोलायला नको होते. अंबादासला त्या दोन शब्दांनी जितकं मारलं तितकं कोणी मारलं नाही. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं, म्हातारा रडून राहिला, आणि रेडिओ बंद केला.

उत्पलाची नोकरी गेली. कारणात लिहिलं, की प्रवाशांच्या सुरक्षेपेक्षा तिनं घरचं माणूस मोठं मानलं. हे खरं होतं, आणि म्हणूनच ते वाचताना कोणाला शिवीसुद्धा देता येईना. शैलेंद्रला काही आठवडे बसवलं आणि तो परत उडू लागला. त्याच मार्गावर. त्याला का नाही काढलं, असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. नीलकंठला दुसऱ्या शहरात पाठवलं. जाण्याआधी तो आला, उत्पलासमोर उभा राहिला, आणि काय बोलावं हे न समजून तिच्या आईच्या पलंगाचा हलणारा पाया खिशातल्या पान्यानं आवळून गेला.

लीलाबाईला कोणी काही सांगितलं नाही. ती विचारायची, "सुट्टी खतम नाही झाली का तुझी?"

"होईन, आई."

"मी बरी झाली की मले परत बसवजो. पण तुझ्याच विमानात. दुसऱ्याच्यात नाही बसत मी. दुसरे आपटतात म्हणे."

उत्पला तिच्या केसांना तेल लावत होती. तिचा हात एकदा थांबला आणि परत चालू झाला. अंबादास ओट्यावर निघून गेला.

होळीच्या आधी लीलाबाई गेली. पहाटे, उत्पलाच्या मांडीवर डोकं. पांढरं वस्त्र, फुलं, त्रिसरण, पंचशील. कुसुमबाई गल्लीत उभी राहून मोठमोठ्यानं रडली. तिरडीला पुढून खांदा उत्पलानं दिला. बाजूला अंबादास, मागं रिछाईतले जुने सोबती, त्यांत डोमाजी, एका पंजाचा. मुलीनं खांदा का द्यावा असं हिंदी मोहल्ल्यातलं कोणी कुजबुजलं असेल. विहारातलं कोणी नाही.

स्मशानात तिरडी खाली ठेवायची वेळ आली. सगळे एकदम वाकले. "धीरे, धीरे," मागून आवाज. "हौले से. झटका नको." चार जण, प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या बाजूनं धक्का लागू नये. कोणी सोडेना. तिरडी जमिनीच्या वर वीतभर लटकत राहिली. म्हाताऱ्यांचे हात थरथरायला लागले, एक कोपरा खाली, एक वर, डोमाजीच्या बाजूनं ती कलायला लागली. लीलाबाईचं डोकं पांढऱ्या कपड्याखाली एका बाजूला सरकलं.

"टेकवा," उत्पला म्हणाली.

"हळू, बेटा, हळू..."

"टेकवा म्हणते नं! सोडा हात. सगळे. पुरं खाली ठेवा."

त्या आवाजानं सगळ्यांनी सोडलं. अंबादासनं सोडलं नाही. त्याचा कोपरा तेवढा वर राहिला. उत्पलानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबा. सोडा."

त्यानं सोडलं. तिरडी मातीवर धप्प आपटली. जोरानं आवाज झाला. मग ती हलली नाही.

मागं उभा असलेला एक म्हातारा, गल्लीतलाच, नाराज होऊन पुटपुटला, "कैसे पटक दिया. धीरे से नहीं रख सकते थे?"

अंबादास वळला. त्याचा चेहरा पाहून म्हातारा एक पाऊल मागं सरकला.

"नाही," अंबादास म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, प्रेस चालू असताना बोलायचा तसं. "हळू ठेव म्हणून मीच सांगितलं होतं तिले. मी. दिल्लीले, विमानात बसून. हिनं नाही केलं, मी करायला लावलं."

कोणाला काही समजलं नाही. डोमाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बायकोच्या दुःखात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं. कोणीतरी पाणी आणायला धावलं. उत्पला खाली बसली होती. आईचं सरकलेलं डोकं ती दोन्ही हातांनी सरळ करत होती, आणि तिनं वर पाहिलं नाही.